बिनगॅसचं गौरीजेवण

“हेमा, साडेअकरा झाले. अजून तळणाचा वास कसा नाही?” कुंदावन्संनी माजघरातून विचारलं.

“येईल,” मी आतून म्हणाले.

येणार कुठून? गॅसचा रेग्युलेटर मी पहाटे चारला काढून तांदळाच्या डब्यात तळाशी पुरला होता. स्टोव्हमधलं रॉकेल आदल्या दिवशीच कामवालीला देऊन टाकलं होतं. गौरीपूजनाचा दिवस, साताऱ्यातलं आमचं घर, जेवायला चाळीस माणसं, आणि स्वयंपाकघरात साधी काडी ओढलेली नव्हती.

हे कुणाला कळलं नव्हतं, कारण कुणी आत येऊच शकत नव्हतं. आमच्याकडे गौरीचा स्वयंपाक कडक सोवळ्यात असायचा. थोरली सून पहाटे न्हाऊन, सोवळं नेसून आत शिरली की नैवेद्याचं ताट घेऊनच बाहेर यायची. तोवर दुसऱ्या कुणी उंबरा ओलांडायचा नाही, तिने कुणाला शिवायचं नाही. कुंदावन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, भाज्या चिरून उंबऱ्यावर ठेवायच्या आणि हात झटकून मोकळ्या व्हायच्या. बाकी पुरण शिजवा, वाटा, लाटा, सोळा भाज्या करा, वडे तळा, हे सगळं माझ्याकडे. चौदा वर्षं ते सोवळं मी मुकाट्याने पाळलं होतं. पंधराव्या वर्षी ते माझ्या उपयोगी पडलं.

आत मी काय करत होते? पातळ पोह्यांत ओलं खोबरं, नारळाचं पाणी, मिरचीचा ठेचा, लिंबू, साखर, मीठ कालवून तीन मोठी पातेली भरली होती आणि वर ताट, ताटावर पाटा ठेवून ते पोहे दडपले होते. आदल्या दिवशी बांधून ठेवलेल्या चक्क्याचं श्रीखंड केलं होतं. भिजवलेल्या मूगडाळीची कोशिंबीर, मोड आलेली मटकी लिंबू पिळून, काकडी, लाह्यांचा काला, केळ्यांचं शिकरण, ताक. फोडणी कशालाच नव्हती. पदर खोचून मी रागारागाने काम करत होते. दोनदा बोट कापलं.

राग शिळा होता. चार महिन्यांचा, पण मूळ गेल्या वर्षीचं.

गेल्या वर्षी याच दिवशी मी चाळीस माणसांना पुरणपोळ्या घातल्या. साडेतीनला शेवटची पंगत उठली. चारला अक्का, माझ्या सासूबाई, उंबऱ्याशी आल्या आणि म्हणाल्या, “हेमा, आजऱ्याहून फोन आला. तुझे वडील गेले.”

“कधी आला फोन?”

“आत्ताच.”

मी होते तशी एसटीत बसले. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. अण्णांचा चेहराही मला दिसला नाही. माझा भाऊ, रघूदादा, माझ्याकडे बघेना. मला वाटलं, दुःखात आहे. भाऊबीजेला तो आला नाही, संक्रांतीला आला नाही. मेमध्ये मीच गेले, तर वहिनीने ताट वाढता वाढता तोंडावर विचारलं, “वन्सं, त्या दिवशी सकाळी सातला शेजारच्या मास्तरांनी तुमच्याकडे फोन केला होता. ‘निघतोय’ म्हणून निरोप मिळाला. मामंजींना पाच वाजेपर्यंत तसंच ठेवलं आम्ही तुमच्यासाठी. माणसं बोलायला लागली. तुम्हाला पुरणपोळ्या सुटल्या नाहीत का हो?”

घास माझ्या हातातच राहिला. सातला! सातला कळलं असतं तर मी दोनपर्यंत अण्णांजवळ असते. “निघतोय” असं कोण म्हणालं, बाई की पुरुष, ते मास्तरांना दादाने विचारलंही नव्हतं. त्याच्या लेखी सगळं स्पष्ट होतं. बहिणीला बाप मेल्यापेक्षा सासरचा सण मोठा वाटला.

साताऱ्याला परत आल्यावर मी ह्यांना विचारलं. श्रीनिवास खटावकर, शाळेत संस्कृत शिकवायचे, गल्लीत कुणाला सोयरसुतकाची शंका आली की लोक ह्यांच्याकडे यायचे. हे पेपरमधून मान वर न करता म्हणाले, “जाऊ दे ना, झालं गेलं. अक्कांचं वय बघ आता.”

मग मला वेगळं विचारायची गरजच राहिली नाही. अक्कांची एक जुनी खोड मला माहीत होती. सणाच्या दिवशी काळ्या शाईतलं, कोपरा फाडलेलं, म्हणजे कुणी गेल्याचं, पोस्टकार्ड आलं की त्या ते न वाचता घड्याळामागे खोचायच्या. “कानावर पडलं नाही तोवर सुतक लागत नाही,” म्हणायच्या. लांबच्या चुलत्याचं वगैरे असेल तर ठीक आहे. पण माझा बाप? बापाच्या मरणाचं लेकीला तीन दिवस सुतक. मला कळलं असतं तर मी सोवळ्यातून उठले असते, आणि मग पुरण कुणी वाटलं असतं? म्हणून माझ्या कानावर पडू दिलं नाही. मेपासून मी अक्कांशी बोलणं टाकलं. “चहा ठेवलाय” आणि “औषध घ्या” एवढंच. त्याही काही विचारायच्या नाहीत. मला वाटायचं, विचारतील कशाला, चोराच्या मनात चांदणं.

चार महिने मी धुमसत काढले आणि एकच ठरवलं. ज्या चाळीस माणसांनी त्या दिवशी माझ्या हातच्या पोळ्या खाल्ल्या, त्याच चाळीस माणसांसमोर, फोन कुणी घेतला ते वदवून घ्यायचं. आणि ते दादापर्यंत पोचवायचं. तोवर या घरात चूल पेटणार नाही.

बाराला ह्यांचा आवाज आला, “हेमा, ताट आण. मुहूर्त टळेल.”

मी ताट घेऊन बाहेर आले. पुढच्या खोलीत गौरी बसवलेल्या, त्यांच्यासमोर हे पीतांबर नेसून पाटावर बसलेले. अक्का भिंतीशी खुर्चीत. बाकी माणसं दारात, व्हरांड्यात, खिडकीत. ह्यांनी ताटाकडे पाहिलं आणि पळीतलं पाणी पळीतच राहिलं.

“हे काय?”

“दडपे पोहे, श्रीखंड, शिकरण, काला.”

“पुरण?”

“नाही केलं. गॅस पेटवलेला नाही. गोकुळात दह्यापोह्यांचा नैवेद्य चालला होता, इथे चालायला हरकत नसावी.”

कुंदावन्सं पुढे आल्या. “अगं, सिलिंडर संपला होता तर सांगायचंस! शेजारून आणला असता.”

“सिलिंडर भरलेला आहे, वन्सं. जेवण व्हरांड्यात टेबलावर मांडते. पानं मांडायची नाहीत, पंगत नाही. ताटल्या ठेवल्यात. ज्याचं त्याने वाढून घ्यायचं.”

“बुफे?” कुणीतरी मागे हसलं. “वा, साताऱ्यात गौरींचा बुफे!”

“हसा,” मी म्हणाले, “पण त्याआधी मला एक सांगा. गेल्या वर्षी याच दिवशी सकाळी सातला आजऱ्याहून फोन आला. माझे वडील गेल्याचा. तो या घरात कुणी घेतला? ते सांगा आणि मग खुशाल जेवा.”

हसणं थांबलं. कुंदावन्सं साडीच्या निऱ्या नीट करायला लागल्या. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं की काय, देव जाणे.

“हेमा, ही वेळ आहे का?” हे म्हणाले.

“गेल्या वर्षी सातची वेळ होती. ती तुम्ही सगळ्यांनी घालवलीत.” मी अक्कांकडे वळले. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. “अक्का, तुम्ही सांगताय की मी सांगू?”

“मला काय विचारतेस?” अक्का म्हणाल्या.

“पत्र घड्याळामागे ठेवणारं माणूस या घरात एकच आहे. माझ्या बापालाही घड्याळामागे ठेवलंत ना?”

अक्का खुर्चीत पुढे सरकल्या. त्या काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात दारातून केतकी म्हणाली, “आई, आजीला नको रागावू. फोन मी उचलला होता.”

केतकी माझी मुलगी. तेव्हा दहा वर्षांची. परकर-पोलक्यात दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“तू?”

“मास्तर आजोबा बोलत होते. म्हणाले, आईला दे. अण्णाआजोबा गेले म्हणून सांग.” ती एकदम भरभर बोलायला लागली, खूप दिवस पाठ करून ठेवलेलं असावं तसं. “मी आले होते तुला सांगायला. पळत आले होते. तू म्हणालीस, शिवशील, तिथेच थांब. मी म्हटलं, आई, एक सांगायचंय. तू म्हणालीस, नंतर ये, पुरण लागेल खाली.”

मला आठवलं. डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं. पातेल्यात पुरण रटरटत होतं, मी मागे वळूनही पाहिलं नव्हतं. उलथन्याने तिला लांब सार म्हणून खूण केली होती.

“मग?”

“मग बाबा आले. त्यांनी फोन घेतला आणि निघतोय म्हणाले. मला म्हणाले, आईच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. गेलं तर गौरी उपाशी जातील आणि तुला पाप लागेल. जेवणं झाल्यावर मी सांगतो.”

त्या दिवशी केतकीने पुरणपोळीला हात लावला नव्हता. चाळीस माणसांचं करून मी दमलेली, वाढायला बाहेर आले तर ही ताटापुढे तोंड मिटून बसलेली. “सणाच्या दिवशी अन्नावर रुसतेस?” म्हणून मी तिच्या पाठीत धपाटा घातला होता. सगळ्यांदेखत. ती रडली नाही, पोळी तशीच टाकून उठली. वर्षभर तिने पुरणपोळी खाल्ली नाही आणि वर्षभर मी तिला लाडावलेली म्हणत होते.

मी ताट खाली ठेवलं आणि तिला जवळ ओढलं. सोवळ्यात होते तशीच. कुणीतरी “अगं, अगं” म्हणालं. मी तिला सोडलं नाही.

“पाठीत मारलं होतं मी तुला,” मी म्हणाले.

“जोरात नव्हतं,” ती म्हणाली.

हे पाटावरून बोलायला लागले. आवाज शाळेतला, समजावणीचा. “हे बघा, शास्त्र सांगतं, वार्ता कानी पडल्यावर सुतक. तोवर दोष नाही. हिला सांगितलं असतं तर नैवेद्य अडला असता, चाळीस माणसं परत गेली असती. गेलेला माणूस काही परत येणार नव्हता. मी सगळ्यांचा विचार केला.”

“आणि तुमच्या कानी पडलं होतं त्याचं काय?” मी विचारलं.

“माझ्या?”

“जावयाला सासऱ्याचं सुतक नाही? परवा शेजारच्या नानांना तुम्हीच सांगितलंत ना ओट्यावर बसून, की सासरे गेलेत, तीन दिवस देवाला शिवू नका म्हणून? मग गेल्या वर्षी सकाळी सातला ऐकून बाराला नैवेद्य कुणी दाखवला?”

ह्यांनी पळी उचलली, परत ठेवली. इतक्या वर्षांत ह्यांना असं अडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

अक्का खुर्चीचे हात धरून उठल्या. पंचाहत्तरी उलटलेली बाई, गुडघे दुखायचे, पण कुणाचा हात घेतला नाही. चालत पाटापाशी आल्या.

“श्री, तू मला पावणेचारला सांगितलंस. आत्ताच फोन आला म्हणालास.”

“अक्का, तुम्हाला त्रास नको म्हणून—”

“सुतकी हाताने माझ्या गौरींना जेवू घातलंस. ते एक राहू दे, त्यांचं त्या बघतील.” त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. “मेपासून ही पोर माझ्याशी बोलत नाही. मला वाटलं, माहेर तुटलंय, दुःखात आहे. तुला ठाऊक होतं ही का बोलत नाही ते. रोज बघत होतास. माझ्यामागे लपून बसलास, एवढा मोठा घोडा झालास तरी.”

“अक्का, लोक आहेत.”

“असू देत. पाटावरून ऊठ.”

हे उठले. पीतांबर सावरत बाजूला झाले. अक्का माझ्याकडे वळल्या. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं, चार महिन्यांचं.

“मी ठेवते गं पत्रं घड्याळामागे,” त्या म्हणाल्या. “पण तुझा बाप नसता ठेवला.”

मग त्यांनी केतकीला पाटावर बसवलं. “नैवेद्य ही दाखवेल. फोन आला तेव्हा खरं सांगायला धावलेली या घरात ही एकटीच.”

केतकीने पाणी फिरवलं. थोडं पाणी श्रीखंडात पडलं.

पण माझं काम संपलं नव्हतं. मी फोन उचलून ह्यांच्या हातात दिला. दादाकडे आता फोन आला होता, नंबर मला पाठ होता. मी स्वतः फिरवला.

“दादाला सांगा,” मी म्हणाले. “केतकीने सांगितलं तसंच. एक शब्द कमी नको.”

“जेवणं होऊन जाऊ देत, मग—”

हे बोलून गेल्यावर ह्यांनाच कळलं काय बोललो ते. खोलीतल्या सगळ्यांना कळलं. पलीकडून दादाचा “हॅलो, हॅलो” असा आवाज रिसीव्हरमधून बाहेर येत होता.

ह्यांनी सांगितलं. हळू, पडेल आवाजात, पण सांगितलं. चाळीस माणसं ताटकळत उभी राहून ऐकत होती. मग हे म्हणाले, “तुला बोलावतोय.”

मी रिसीव्हर कानाला लावला. दादा दोनदा नुसता खाकरला. त्याने शेवटी विचारलं, “जेवायला काय केलंस आज?”

“दडपे पोहे.”

“अण्णांचे?”

“हो. शिकरण, मूगडाळ, काला. सगळं अण्णांचंच.”

आई गेल्यावर अण्णांना चूल पेटवता यायची नाही. धूर करायचे, हात भाजून घ्यायचे. मी माहेरी गेले की मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायचे नाहीत. “वर्षभर सासरी रांधतेस, इथे तू बस,” म्हणायचे आणि विस्तवाशिवाय जे जे करता येतं ते सगळं करून पुढे ठेवायचे. पोह्यांवर पाटा दडपून स्वतः शेजारी राखण करत बसायचे. चाळीस माणसांचा तो बुफे मी पुस्तक बघून केला नव्हता.

दादा फोनवर रडायला लागला. मीही रडले. दोघांनी मिळून किती बिल केलं कोण जाणे.

मग माणसं जेवली. आधी बिचकत, मग भूक लागली होती म्हणून. केतकीने पोहे दोनदा घेतले. अक्कांना मी ताटली भरून दिली. त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, “मीठ कमी आहे.”

“वरून घ्या,” मी म्हणाले. चार महिन्यांनी आम्ही नीट बोललो ते एवढंच. पुढची सहा वर्षं, त्या होत्या तोवर, पुष्कळ बोललो.

हे सगळ्यांत शेवटी टेबलाशी आले. ताटली घेऊन उभे राहिले, सवयीने, कुणी वाढेल म्हणून. बुफेमध्ये कुणी वाढत नाही. शेवटी त्यांनी हाताने घेतलं. माझा राग गेला का? पंचवीस वर्षं झाली, अजून गेलेला नाही. संसार केला, आजारपणं काढली, पण अण्णांचा चेहरा मला दाखवला नाही हे मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करायचंही नाही. त्यांना ते माहीत आहे.

गौरीच्या दिवशी आमच्याकडे गॅस त्यानंतर कधी पेटला नाही. पहिली दोन वर्षं नातेवाईक कुजबुजले, मग त्यांना ते आवडायला लागलं. आता तर कौतुक करतात. गेल्या आठवड्यात कुंदावन्संची सून पल्लवी हिचा फोन आला.

“मामी, यंदा गौरी आमच्याकडे आहेत. तुमचा तो बिनगॅसचा बुफे सांगा ना. किती सोपा आणि सुटसुटीत! पन्नास माणसं आहेत.”

मी सांगितलं. पोहे किती, नारळ किती, चक्का कधी बांधायचा, पोह्यांवर वजन किती वेळ ठेवायचं. ती लिहून घेत होती.

“अजून काही, मामी?”

“हो,” मी म्हणाले. “दिवसभर मोबाईल तुझ्याजवळ ठेव. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस. आणि उंबऱ्याशी येऊन मूल काही सांगायला लागलं, तर हातातलं टाक आणि आधी ऐक.”

“हे पण लिहू?” पल्लवीने हसत विचारलं.

“सगळ्यात वर लिही,” मी म्हणाले.